हजेरीचा दर

भारतात मोबाइल डेटा जगातल्या सर्वांत स्वस्त देशांइतका स्वस्त आहे आणि व्हॉट्सॲपवरचा कॉल फुकट आहे, ही दोन विधाने आता इतकी रुळली आहेत की त्यांची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. अर्थतज्ज्ञ पहिले विधान आकडे देऊन मांडतात. घरातला नातू दुसरे विधान आजीला फोन लावून सिद्ध करतो. दोन्ही विधाने वरवर खरी आहेत, म्हणूनच ती दिशाभूल करतात.

माझे म्हणणे असे आहे. फोनवर बोलणे फुकट कधीच झाले नाही. त्याचा दर मिनिटावरून उठून महिन्यावर बसला. आधी आपण बोलण्याचे पैसे देत होतो, आता जाळ्यावर हजर राहण्याचे देतो. ज्याला भरपूर बोलायचे, पाहायचे, ऐकायचे आहे त्याला हा बदल मोठा लाभाचा ठरला. ज्याला थोडे बोलायचे आहे आणि बाकी वेळ फक्त ‘लागता’ राहायचे आहे, त्याच्यासाठी फोन गेल्या सात-आठ वर्षांत महाग झाला. डेटाचा दर प्रति जीबी मोजणारी फूटपट्टी हे महाग होणे पाहूच शकत नाही. मोजायचेच असेल तर महिनाभर जाळ्यावर टिकून राहण्याची किमान किंमत मोजावी लागेल.

कोल्हापुरातून हा विषय मांडण्याला कारण आहे. या जिल्ह्यात शिरोलीची औद्योगिक वसाहत आहे आणि गगनबावड्याच्या वाड्याही आहेत. आजरा-चंदगडकडची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईत राबली. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या इथे येतात. आणि कागल ओलांडले की दुसरे राज्य, दुसरे टेलिकॉम सर्कल लागते. दूर गेलेल्या माणसाशी बोलण्याची किंमत इथल्या घरांनी प्रत्येक काळात वेगळ्या रूपात मोजली आहे.

१. मिनिटाकडून महिन्याकडे

एसटीडी बूथच्या काळात अंतर आणि वेळ या दोन गोष्टींचे पैसे लागत. रात्री दर उतरत, म्हणून बूथवर उशिरापर्यंत माणसे थांबत. मोबाइल आला, ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल संवाद झाला, तेव्हा येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. १ मे २००३ पासून ‘फोन करणारा पैसे देईल’ हे तत्त्व लागू झाले आणि येणारे फोन मोफत झाले. माझ्या मते गरिबाच्या हाती मोबाइल देणारा सर्वांत मोठा निर्णय हाच होता, कारण त्यामुळे बॅलन्स नसलेला फोनही उपयोगाचा राहिला. मार्च २००६ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलने देशभर एक रुपया मिनिट हा दर आणला. कोल्हापूरहून सीमेपलीकडच्या निपाणीला लावलेला फोन आणि दिल्लीला लावलेला फोन एकाच भावाचे झाले. रोमिंग मात्र राहिले. निपाणीच्या बाजाराला गेलेल्या कागलच्या माणसाच्या खिशातला फोन वाजला की त्याचे पैसे कापले जात. जून २०१५ मध्ये बीएसएनएलने देशभर रोमिंगमधले येणारे फोन मोफत केले, तेव्हा हे कापणे थांबायला सुरुवात झाली.

या साऱ्या काळात पैसे वाचवण्याची जागा माणसाच्या हातात होती. कमी बोला, कमी द्या. मिस कॉल ही तर जनतेने शोधलेली पूर्ण मोफत संदेशसेवाच होती: एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू लाव. लाइफटाइम व्हॅलिडिटीच्या सिमवर दर महिन्याला रिचार्ज न करताही फोन येत असे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत त्याची सेवा मोफत राहिली. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीप्रमाणे एक जीबी डेटाचा सरासरी दर २०१४ मध्ये सुमारे २६९ रुपये होता, तो २०१८ मध्ये बारा रुपयांच्या आत आला. हा पराक्रम खराच आहे, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच २०१८ च्या अखेरीस दुसरी एक गोष्ट घडली, तिची चर्चा झाली आणि लवकरच विरून गेली. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला. तो न केल्यास आधी जाणारे फोन बंद, मग काही दिवसांनी येणारेही. लाइफटाइम संपले.

पुढचा प्रवास एअरटेलच्याच किमान पॅकवरून पाहा. जुलै २०२१ मध्ये ७९ रुपये. नोव्हेंबर २०२१ मध्ये ९९. २०२३ च्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने १५५, तोही २४ दिवसांचा. जुलै २०२४ मध्ये २८ दिवसांना १९९. सहा वर्षांच्या आत ३५ चे १९९ झाले, आणि त्या सहा वर्षांत डेटाचा सरासरी दर साधारण तिथेच राहिला. ज्या आकड्याचे जगभर कौतुक झाले तो स्थिर होता, ज्या आकड्यावर तळातल्या घराचे भागते तो जवळपास सहापट झाला.

२८ दिवसांच्या महिन्याने वर्षात तेरा रिचार्ज होतात, म्हणजे १९९ च्या हिशेबाने २,५८७ रुपये. चार माणसांच्या घरात चार सिम असतील तर दहा हजारांच्या वर, आणि यात रोजचा डेटा कोणालाच नाही. महाराष्ट्रातली रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. एका सिमची एका ‘महिन्या’ची हजेरी ही मजुराच्या जवळजवळ दोन-तृतीयांश दिवसाची कमाई झाली.

२. १८९ रुपयांची फोड

किमान पॅकमध्ये नेमके काय विकले जाते, हे शोधण्याची सोय ट्रायनेच करून दिली. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने आदेश काढला की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे. देशात सुमारे १५ कोटी लोक अजून साधे बटणांचे फोन वापरतात, हे कारण ट्रायने दिले. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले. जिओचा ८४ दिवसांचा पॅक फेरबदलानंतर ४४८ रुपयांवर स्थिरावला.

आता जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचा जिओचा स्मार्टफोनसाठीचा किमान पॅक शेजारी ठेवा: २८ दिवस, अमर्याद कॉल, एकूण २ जीबी डेटा, १८९ रुपये. डेटा नसलेला ४४८ चा पॅक २८ दिवसांना सुमारे १४९ रुपये पडतो. फरक चाळीस रुपयांचा. म्हणजे १८९ पैकी डेटाची किंमत ४० आणि उरलेले १४९ हजर राहण्याचे. ज्या खर्चाला आपण सर्रास ‘नेटचा खर्च’ म्हणतो त्यात नेटचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा आहे.

याच हिशेबाने इंटरनेट कॉलची खरी किंमतही निघते. व्हॉट्सॲपवरचा आवाजी कॉल मिनिटाला साधारण अर्धा एमबी घेतो. वीस रुपयांना जीबी धरला तर मिनिटाला एक पैसा. रोज अर्धा तास बोलणाऱ्या माणसाचा २८ दिवसांचा डेटा आठ-साडेआठ रुपयांचा होतो. त्याला तेवढाच डेटा विकत घ्यायचा असेल आणि बाकी काही नको असेल, तर असा पॅक मिळत नाही. स्वस्त दिसणारे डेटाचे छोटे पॅक मूळ व्हॅलिडिटी चालू असेल तरच चालतात. दार उघडण्याचे १४९ दिल्याशिवाय आत आठ रुपयांचा माल मिळत नाही.

दुसऱ्या टोकाला जिओच्याच ३४९ च्या पॅकमध्ये रोज २ जीबी, म्हणजे २८ दिवसांत ५६ जीबी मिळतो. जीबीला सव्वासहा रुपये. ५जी फोन असेल तर त्यावर मर्यादाच नाही, आणि मग भाव आणखी उतरतो. १८९ च्या पॅकवाल्याने दिलेल्या एकूण पैशांना त्याच्या २ जीबीने भागले तर जीबीला साडेचौऱ्याण्णव रुपये येतात. पंधरापटीचा हा फरक ‘भारतात डेटा दहा-बारा रुपये जीबी’ या सरासरीत बुडून जातो. कमी वापरणाऱ्याने चढा भाव द्यायचा आणि जास्त वापरणाऱ्याने उतरता, ही रचना घाऊक बाजारात चालते. सार्वजनिक गरजेच्या सेवेला ती लावताना कोणीतरी समर्थन द्यायला हवे होते. ते कोणी दिलेले नाही, कारण कोणी मागितलेच नाही.

इथे तंत्राची एक बाजू समजून घ्यावी लागते. ४जी जाळ्यावरचा साधा कॉल आणि व्हॉट्सॲप कॉल यांत आपण समजतो तेवढे अंतर नाही. जिओचे जाळे सुरुवातीपासून फक्त ४जीचे होते, त्यावर साधा कॉलही डेटाच्या पुडक्यांतूनच धावतो. फरक एवढाच की साध्या कॉलला जाळ्यात राखीव वाट मिळते आणि तो कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही नंबरवर लागतो. एका कंपनीने दुसरीला द्यायचे मिनिटाचे शुल्कही ऑक्टोबर २०१७ मध्ये १४ पैशांवरून ६ पैशांवर आले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. मिनिट हे मोजमाप कंपन्यांच्या आपसातल्या हिशेबातूनही हद्दपार झाले आहे. तेव्हा ‘व्हॉट्सॲपमुळे कॉलचे पैसे वाचतात’ हे देशांतर्गत बोलण्यापुरते आज खरे नाही. अमर्याद साधे कॉल घेतल्याशिवाय पॅक सहसा मिळतच नाही, मग इंटरनेट कॉल करून वाचवायचे काय? परदेशातला फोन, व्हिडिओ, सातआठ जणांचे एकत्र बोलणे, रेंज नसलेल्या घरातला वाय-फाय, एवढ्या ठिकाणी त्याचा खरा उपयोग आहे, आणि तो मोठा आहे.

३. येणाऱ्या फोनचा खर्च परत आला

२००३ मध्ये जो खर्च गेला तो इंटरनेट कॉलने मागल्या दाराने परत आणला, याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही.

इंटरनेट कॉलमध्ये दोन्ही बाजूंचा डेटा जातो. पुण्यात रोज २ जीबीच्या पॅकवर असलेला मुलगा राधानगरी तालुक्यातल्या आईला व्हिडिओ कॉल करतो. व्हिडिओ मिनिटाला पाच एमबीच्या आसपास किंवा त्याहून जास्त घेतो. मुलाच्या बाजूला हा खर्च जाणवतही नाही, रात्री बारा वाजता त्याचा साठा पुन्हा भरतो. आईच्या फोनवर महिन्याला २ जीबी असेल तर तो चारशे मिनिटांत संपतो, म्हणजे दिवसाला चौदा मिनिटे. त्यातच गटांवर येणारे फोटो, शुभेच्छांचे व्हिडिओ आपोआप उतरतात आणि त्यांचाही भार तिच्याच पॅकवर पडतो. पाठवणाऱ्याची हौस, घेणाऱ्याचा खर्च.

जुन्या व्यवस्थेत श्रीमंत बाजू फोन लावायची आणि गरीब बाजू ऐकायची; मिस कॉलची रीत याच न्यायावर उभी होती. नव्या व्यवस्थेत दोघांच्याही पॅकमधून सारखेच एमबी जातात, आणि ज्याच्याकडे ते कमी त्याला त्यांची झळ जास्त बसते. आई मग ‘नेट बंद ठेवते’, लागेल तेव्हाच सुरू करते. मुलगा म्हणतो, तू कधी ऑनलाइनच नसतेस.

४. बाहेर राहण्याची मुभा नाही

‘परवडत नसेल तर नका घेऊ’ हे उत्तर चैनीच्या वस्तूला शोभते. सिम आज चैन राहिलेले नाही, आणि हे ग्राहकांनी ठरवलेले नाही. बँकेचा ओटीपी, आधारची पडताळणी, गॅस सिलिंडर घेताना सांगायचा कोड, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, मुलाच्या प्रवेशाचा अर्ज, हे सारे चालू नंबर मागतात. शासनाने आपली दारे मोबाइल नंबरच्या आत नेऊन ठेवली आणि त्या नंबरची किमान किंमत ठरवण्याचे काम कंपन्यांवर सोडले. दोन्ही निर्णय सुटे सुटे पाहिले तर समजण्याजोगे आहेत. एकत्र पाहिले की त्यांतून एक कर तयार होतो, जो कोणत्याही अर्थसंकल्पात नाही आणि सर्वांना सारखाच पडतो. महिन्याला दीड हजारांची मदत मिळवणाऱ्या बाईचा त्यातला आठवा हिस्सा ती मदत मिळवत राहण्याच्या हजेरीत जाऊ शकतो.

घरात काटकसर सुरू झाली की आधी कोणाचे सिम बंद होते, हेही विचारले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के होते. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर, जून ते सप्टेंबर या काळात, देशातल्या मोबाइल जोडण्या ११७ कोटींवरून सुमारे ११५ कोटींवर आल्या. लोकांनी जादाची सिम काढून टाकली, असे याचे स्पष्टीकरण दिले गेले. बऱ्याच अंशी ते खरेही असेल. पण एका घरात ‘जादा’ कोण, हे ठरवताना बाजार त्या घरातल्या सत्तेचाच आधार घेतो.

हंगामी मजुराची गत वेगळी आहे. तो सहा महिने कारखान्याच्या तळावर, सहा महिने गावी. त्याच्या फोनची गरज सलग नसते, पण नंबर सलग जिवंत ठेवावा लागतो. नंबर गेला की त्याला जोडलेले बँकखाते, आधार, सारे पुन्हा जोडत बसायचे. वर्षाचा पॅक स्वस्त पडतो हे त्यालाही कळते. एकरकमी सतरा-अठराशे रुपये हातात नसतात म्हणून तो २८ दिवसांचा महाग पॅक घेत राहतो.

५. ‘फुकट’ ही परवानगी आहे

इंटरनेट कॉल हा निसर्गाने दिलेला वारा असल्यासारखे आपण वागतो. तो किती जणांच्या परवानगीवर चालतो हे तीन प्रसंगांवरून दिसते.

दुबईत गेलेल्या मुलाला व्हॉट्सॲपवर संदेश पाठवता येतो, कॉल करता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत अशा कॉलवर बंदी आहे, फक्त मान्यता मिळालेली मोजकी ॲप चालतात. सौदी अरेबियाने अशीच बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली. तंत्र तेच, देश बदलला की फुकटपणा संपतो.

आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने स्काइप-व्हायबरसारख्या इंटरनेट कॉलसाठी वेगळा, जादा दर जाहीर केला आणि लोकांच्या संतापानंतर काही दिवसांतच मागे घेतला. व्हॉट्सॲपचा कॉल तेव्हा सुरूही झाला नव्हता, तो २०१५ मध्ये आला. मार्च २०१५ च्या ट्रायच्या चर्चापत्राला दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने डेटावर भेदभावाचे दर लावण्यास मनाई केली. आज आपण जो कॉल ‘फुकट’ म्हणून करतो तो या मनाईच्या आधाराने टिकून आहे. लाखो अनोळखी लोकांनी लिहिलेल्या पत्रांचे ते फळ आहे.

तिसरा प्रसंग घरचा. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून पेटलेल्या वादात कोल्हापुरात बंद, दगडफेक आणि लाठीमार झाला आणि इंटरनेट सेवा थांबवण्यात आली. दोष काहींच्या स्टेटसचा, शिक्षा जिल्ह्याच्या प्रत्येक फोनला. नेट बंद झाले की ॲपवरचा कॉलही बंद. ऐन तणावात पोर घरी पोचले का हे विचारायला उरतो तो साधा कॉलच. पुराच्या दिवसांतही हाच धडा मिळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. अशा वेळी व्हॉट्सॲपवर पाठवलेले लोकेशन बचावपथकाला वाट दाखवते, आणि रेंज एका काडीवर आली की फक्त साधा एसएमएस किंवा कॉल निघतो. दोन्ही वाटा लागतात. एक फुकट आहे म्हणून दुसरी महाग होऊ देणे हा शहाणपणा नाही.

याच ठिकाणी व्हॉट्सॲपच्या मालकाचा, मेटाचाही विचार हवा. १९ अब्ज डॉलरला २०१४ मध्ये विकत घेतलेली आणि २०१६ पासून वर्षाचा एक डॉलरही न घेणारी सेवा मोबदला दुसऱ्या रूपात घेते. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१ च्या गोपनीयता धोरणाबद्दल मेटाला २१३ कोटींहून अधिक दंड केला. तरी कोणी हलले नाही. २०२५ च्या शरदात झोहो कंपनीचे ‘अरट्टाई’ हे संदेश ॲप देशभर उतरवून घेतले गेले, आणि दूध संस्थेचा, भावकीचा, शाळेचा गट जिथे होता तिथेच राहिला. मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याचा हक्क आपल्याला जानेवारी २०११ मध्ये मिळाला. एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर बोलण्याचा हक्क युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्टने आता आकाराला येतो आहे. आपल्याकडे असा हक्क नाही.

६. आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप: ३५ रुपयांत काय मिळत होते? थोडका टॉकटाइम आणि चिमूटभर डेटा. १९९ मध्ये अमर्याद कॉल मिळतात. तुलना चुकीची आहे.
ही तुलना मुद्दाम केली आहे. जास्त देऊन जास्त घेणे ही सोय झाली. जास्त घेतल्याशिवाय काहीच न मिळणे ही सक्ती. महिन्याला साठ मिनिटे बोलणाऱ्याला अमर्याद मिनिटांची किंमत लावली, तर त्याला मिळालेला लाभ कागदावरच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मनोरे, फायबर, स्पेक्ट्रम, वीज यांचा खर्च मिनिटांवर अवलंबून नसतो. जाळे उभे ठेवण्याचा खर्च स्थिर आहे, तर आकारही स्थिर असणारच. शिवाय ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सरकारी थकबाकीच्या ओझ्याखाली एक कंपनी जवळपास कोलमडली. दर वाढले नाहीत तर दोनच कंपन्या उरतील.
यातले पहिले वाक्य मला पूर्ण मान्य आहे. स्थिर खर्च कोणीतरी भरलाच पाहिजे. प्रश्न वाटणीचा आहे. विजेच्या बिलातही स्थिर आकार असतो, पण तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, आधी जनसुनावणी होते, आणि दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाचा दर वेगळा असतो. मोबाइलचे दर कंपनी स्वतः ठरवते आणि नंतर ट्रायला कळवते. ट्रायने फक्त-कॉलचा पॅक सक्तीचा केला, त्याच्या किमतीला हात लावला नाही. त्यामुळेच डेटा वगळूनही दिवसाला दीड रुपयाहून कमी वाचतो. कंपन्यांना महसूल वाढवायचा असेल तर तो रोज दोन-तीन जीबी पाहणाऱ्या माझ्यासारख्यांकडून वाढवावा. जाळ्यावर गर्दी आम्ही करतो.

तिसरा आक्षेप कंपन्यांचा जुना आहे: सेवा तीच तर नियम तोच, व्हॉट्सॲपनेही परवाना घ्यावा, जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा. ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये अशा हस्तक्षेपाची गरज नाही असे सुचवले, २०२३ मध्ये प्रश्न पुन्हा काढला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने संदेश ॲप चालू सिमशीच बांधलेली असावीत असा निर्देश दिला. फसवणूक रोखण्याचा त्याचा हेतू समजतो. तरी त्याचा एक परिणाम पाहावा लागेल. आजवर रिचार्ज संपला तरी शेजारच्या वाय-फायवर जुन्या नंबरचे व्हॉट्सॲप चालत असे. ॲप सिमला घट्ट बांधले की गरिबाची ती शेवटची फटही बुजू शकते. वाटा उचलण्याबद्दल म्हणाल तर ग्राहकाने डेटाचे पैसे आधीच दिलेले असतात. त्याच एमबीसाठी ॲपकडूनही घेतले तर तो खर्च फिरून ग्राहकावरच येईल.

चौथा: बीएसएनएल आहे की. आहे, आणि जुलै २०२४ नंतर लोक तिकडे वळलेही. पण तिचे स्वदेशी ४जी औपचारिकपणे सुरू व्हायला २७ सप्टेंबर २०२५ उजाडला. ज्या सरकारी कंपनीला बाजारातला तळ सांभाळता आला असता तिला आपण नऊ वर्षे मागे ठेवले.

७. तळ कोणी ठरवायचा

कोल्हापुरात शहरांतर्गत रस्त्यांसाठी टोलनाके बसले तेव्हा या गावाने वाद रस्त्याच्या दर्जापुरता ठेवला नाही. स्वतःच्या गावात शिरण्याचा दर लावण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न विचारला. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे त्या लढ्याच्या अग्रभागी होते. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. किमान रिचार्ज हा तसाच प्रवेशाचा टोल आहे, फक्त त्याचा नाका दिसत नाही आणि प्रत्येक जण तो एकट्याने भरतो, म्हणून त्यावर मोर्चा निघत नाही.

माझी मागणी डेटा फुकट द्या अशी नाही. तळाचा एक पॅक असावा: पूर्ण तीस दिवसांचा, येणारे सर्व फोन आणि एसएमएस, जाणारी शंभर मिनिटे, आणि संदेश व थोडे इंटरनेट कॉल होतील एवढा अर्धा जीबी डेटा. त्याची किंमत कंपनीच्या मर्जीवर न सोडता एखाद्या मापाला बांधावी. रोजगार हमीच्या एका दिवसाच्या मजुरीचा चौथा हिस्सा, हे माप मी सुचवतो. २०२५-२६ च्या दराने ७८ रुपये होतात. मजुरी वाढली तर पॅकही वाढेल, त्यात कंपनीचेही नुकसान नाही. तीस दिवसांचा किमान एक पॅक ठेवण्याची सक्ती ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये केलीच आहे, तेव्हा व्हॅलिडिटीत हात घालण्याचा अधिकार तिला आहे याबद्दल शंका उरत नाही. आता तिने किमतीकडे यावे.

दुसरी वाट या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेली आहे. दूध, साखर, नदीवरून शेतात चढवलेले पाणी, या गोष्टी कोल्हापूरने सहकारात आणल्या, कारण एकट्याने विकत घेतल्या तर त्या परवडत नव्हत्या. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाशी जोडलेल्या प्राथमिक दूध संस्थेत गावातले कोणी ना कोणी सकाळ-संध्याकाळ जातेच. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत कोणत्याही दुकानाला किंवा संस्थेला परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय चालवता येते आणि पाच-दहा रुपयांचा डेटा विकता येतो. तिच्यात मुख्य अडथळा होता तो अशा केंद्रांकडून जोडणीचे मागितले जाणारे भरमसाट दर. जून २०२५ मध्ये ट्रायने त्यांवर घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. तेव्हा दूध संस्थेच्या ओसरीवर वाय-फायचा एक डबा बसवणे आज कायद्यानेही शक्य आहे आणि हिशेबानेही. दूध घालायला आलेली बाई तिथेच मुलाशी व्हिडिओवर बोलेल, तिच्या सिमवरचे एमबी न जाता. सिम जिवंत ठेवण्याचा खर्च यातून सुटत नाही, त्यासाठी तळाचा पॅकच लागेल. पण डेटाचे ओझे निम्म्याहून खाली येईल.

वीजदराच्या सुनावणीला आयोगापुढे कागद घेऊन उभे राहणारे पंपधारक शेतकरी, कार्यकर्ते आणि छोटे उद्योजक या जिल्ह्यात आहेत. आकडे कसे तपासायचे, स्थिर आकार कसा खोडून काढायचा, हे त्यांना ठाऊक आहे. मोबाइल दराच्या बाबतीत त्यांनी उभे राहावे अशी सुनावणीच अस्तित्वात नाही. ट्रायच्या चर्चापत्रांवर लेखी मत देता येते, ते बहुधा इंग्रजीत असते आणि कंपन्यांचे वकील ते नेमाने देतात. किमान पॅकच्या किमतीवर मराठीत जनसुनावणी घ्या, आणि ती मुंबईऐवजी गडहिंग्लजला किंवा शाहूवाडीला घ्या, एवढी मागणी जिल्ह्यातल्या ग्राहक पंचायतींनी आणि ग्रामसभांनी ठराव करून ट्रायला पाठवायला हरकत नाही. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो ठराव घेण्यासाठी गावाबाहेरच्या कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही.